पु-अर चहा रोज प्यायला चालतो का? कोणी आणि कधी टाळावा?

मोगरा_०७

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सध्या ग्वांगझूला असतो. इकडे रविवारी सकाळी चहा-डिमसमला (चहासोबत छोटे छोटे वाफवलेले पदार्थ) गेलं की टेबलावर बसल्याबसल्या आधी विचारतात कुठला चहा, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी (त्याच आम्हाला घेऊन जातात, आमचं चायनीज म्हणजे आनंदच आहे) आम्हाला न विचारता पु-अर (इकडचा आंबवलेला चहा) सांगून मोकळ्या होतात. काळाकुट्ट, दूध नाही साखर नाही. पहिल्यांदा मला भिजलेल्या गोणपाटासारखा वास आला होता, आता मात्र चक्क आवडायला लागलाय. मध्ये नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने ३५७ ग्रॅमची अख्खी चकती भेट दिली, कागदात गुंडाळलेली, आणि सोबत एक डबा छोट्या हिरव्या संत्र्यांचा, म्हणजे साल अख्खी आणि आत गराऐवजी हाच चहा ठासून भरलेला. आता घरात एवढा माल पडलाय तर रोजच प्यावा असं चाललंय डोक्यात.

पण मला थायरॉइडची गोळी चालू आहे, हिमोग्लोबिन मागच्या तपासणीत १०.२ आलं होतं म्हणून लोहाच्या गोळ्याही आहेत आणि अधूनमधून पित्ताचा त्रास. नवऱ्याचं कोलेस्टेरॉल काठावर. आजी म्हणतात जेवल्यावर पी, पोट हलकं राहतं. एका व्हिडिओत सांगितलं सकाळी उपाशीपोटी प्या, चरबी वितळते. कोणाचं ऐकू? रोज किती कप चालेल, आणि कधी अजिबात घेऊ नये?

चहाटळ

घरातल्या पावाला बुरशी आली की पाव कचऱ्यात आणि चहाला बुरशी आली की तो भेट म्हणून द्यायचा, चालू द्या 😀

गंमत सोडा, पण खरंच विचारतो, हा आंबवलेला चहा म्हणजे नक्की काय करतात? ते बाटलीतलं कोंबुचा मिळतं तेच का हे? आणि आत बुरशी असते म्हणतात तर पोटात जाऊन काही होत नाही का?

कुनमिंगकर

चहाटळ, कोंबुचाचा काही संबंध नाही. कोंबुचा म्हणजे तयार गोड चहात जिवाणू आणि यीस्टचा थर सोडून आंबवलेलं आंबट पेय. इथे पत्तीच आंबवतात. मी युनानातच (चीनचा नैऋत्येकडचा प्रांत, हा चहा इथलाच) असतो आणि कामानिमित्त मंगहाय भागात जाणंयेणं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युनानच्या मोठ्या पानाच्या झाडाचा हा चहा, आपल्या आसामात जी जात आहे तीच ही, आसामिका. पान तोडून कढईत भाजतात, मळतात आणि उन्हात वाळवतात. इथून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे कच्चा, शंग: वाफ देऊन चकती दाबायची आणि वर्षानुवर्षं ठेवून द्यायची, आपोआप हळूहळू मुरतो. दुसरा पिकवलेला, शू: पत्तीचा मोठा ढीग घालायचा, पाणी मारायचं, वरून कापड झाकायचं आणि साधारण दीड-दोन महिने ठेवायचं, मधूनमधून फावड्याने वरखाली करत. ढिगाच्या आत ५०-६० अंशांपर्यंत गरम होतं, हात घातला तर पटकन मागे घ्यावा लागतो, आणि त्या खोलीत शिरलं की डोळ्याला झोंबणारी वाफ असते. ही पद्धत काही हजारो वर्षांची वगैरे नाही, १९७३ च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात बसवली, मग मंगहायच्या कारखान्याने उचलली. मुरायला वीस-तीस वर्षं कोण थांबणार, गिऱ्हाईक तर हाँगकाँगला उभं, म्हणून केलेली खटपट ती.

बुरशी म्हणाल तर हो, त्या ढिगात अ‍ॅस्परजिलस नायजर जातीची बुरशी आणि यीस्ट काम करतात, तेच तर आंबवणं. पण शेवटी पत्ती पूर्ण वाळवतात, आणि नीट केलेला, नीट ठेवलेला चहा दिसायला कोरडा आणि स्वच्छ असतो. धोका आहे तो ओलीत सडलेल्या मालाचा. पिवळी, हिरवी केसाळ बुरशी दिसली किंवा नाकात कुबट वास बसला तर धुवून पिऊ वगैरे म्हणायचं नाही, सरळ टाकायचं, कितीही महागाचा असो.

मोगरा ताई, आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. डिमसमला मिळतो तो जवळजवळ नक्कीच शू असतो. पण भेट आलेली चकती शंगही असू शकते, लोक भेट म्हणून शंगच जास्त देतात! आजींना वेष्टन वाचायला सांगा. ते नाही जमलं तर थोडा करून बघा: पाणी लालसर-काळं आणि भिजलेलं पान गडद तपकिरी म्हणजे शू, पाणी पिवळं-सोनेरी आणि पान हिरवट म्हणजे शंग. हा फरक तुमच्या पित्ताच्या दृष्टीने फार मोठा आहे. नवा शंग म्हणजे जवळपास ग्रीन टीच, कडू, तुरट, उपाशीपोटी घेतला की मळमळ, हात थरथरणं, दरदरून घाम, हे मी धडधाकट माणसांना होताना पाहिलंय, इकडे त्याला चहा चढला म्हणतात आणि लगेच काहीतरी गोड खायला देतात. शू मध्ये ती तुरट द्रव्यं आंबताना बरीचशी बदलून जातात (काळा रंग त्यातूनच येतो, थीब्राउनिन म्हणतात त्याला) म्हणून तो पोटाला सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ काढू नका, कॅफीन दोन्हींत असतं. आंबवल्याने कॅफीन जातं आणि पहिलं पाणी ओतून दिलं की उरलंसुरलं निघतं ह्या दोन्ही गोष्टी दुकानदार सर्रास सांगतात, दोन्ही खोट्या. पहिलं पाणी पाच-दहा सेकंदांचं असतं, त्यात धूळ आणि थोडा वास निघतो, बस. तेवढ्यासाठी मात्र ते जरूर ओतून द्या.

व्हिडिओवाल्याचं ऐकू नका, आजींचं ऐका.

औषधवाला_सांगली

चहातलं मला दुधाचाच कळतो, पण गोळ्यांचं काउंटरवर रोज सांगत असतो तेच इथे लिहितो.

ताई, थायरॉइडची गोळी सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, तासभर थांबलात तर उत्तम, चहा नाही कॉफी नाही काही नाही. चहा कुठलाही असो, चीनचा नाहीतर आपला अमृततुल्य. लोक गोळी चहाच्या घोटाबरोबरच घेतात आणि मग टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली का येत नाही म्हणून डोस वाढवून घेतात. लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, आणि चहापासून पुढेमागे दोन तास. जमलं तर लिंबू-पाण्याबरोबर घ्या, पण पित्त असेल तर ते झेपतं का बघा.

आता लोहाचंच थोडं जास्त लिहितो कारण १०.२ म्हणजे अ‍ॅनिमियाच आहे, बाईसाठी १२ च्या खाली धरतात. चहातली तुरट द्रव्यं अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते शरीरात शिरत नाही. मांसाहारातल्या लोहाला फारसा फरक पडत नाही, पण पालेभाजी, डाळ, नाचणी, बाजरी यातलं लोह मात्र चांगलंच अडतं. म्हणजे आपण शाकाहारी मंडळी जेवताजेवता चहा प्यायलो तर नुकसान आपलंच जास्त. तुमच्या त्या आजींच्या ताटात डुकराचं मांस आणि कोंबडीचे पाय असतात, त्यांना जेवणाबरोबर चालत असेल, तुमचं गणित वेगळं. जेवण झाल्यावर तास-दीड तास जाऊ द्या आणि मग घ्या. हिमोग्लोबिन वर येईपर्यंत दिवसाला एक कप पुरे.

बाकी कोणी कोणी जपून राहायचं ते पण सांगतो. दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल तर ते आणि कॅफीन भावंडं आहेत, छाती धडधडते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक चालू असताना कॅफीन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, त्या चार-पाच दिवसांत दोनाचा एक कप करा. लिथियम किंवा क्लोझापिन (मानसिक आजारांवरची औषधं) चालू असेल तर चहाचं प्रमाण अचानक वाढवायचं नाही आणि अचानक बंदही करायचं नाही, दोन्हीने औषधाची रक्तातली पातळी हलते, डॉक्टरला सांगूनच काय ते. हृदयाचे ठोके अनियमित होतात, रात्री झोप नाही, अल्सर आहे, छातीत आंबट वर येतं, ह्या लोकांनी तर रोजचा नेम लावूच नये. मुतखडा वारंवार होणाऱ्यांनीही, चहात खडा बनवणारं ऑक्झलेट असतं.

कौलूनकर

वरच्या दोघांना अनुमोदन. हाँगकाँगला आमच्या खालच्या चहाघरात सकाळी सहाला म्हाताऱ्यांची रांग असते आणि लोकांना वाटतं बघा हे उपाशीपोटी पितात. अहो ते दोन-अडीच तास बसतात, पेपर वाचतात, एकीकडे खाणं चालू असतं, पत्ती तीच आणि वरून गरम पाणी पुन्हा पुन्हा. शेवटी शेवटी नुसतं रंगाचं पाणी उरतं. पहिल्या पाण्यात तर ते कप आणि चॉपस्टिक्स विसळतात. त्यांच्या दहा वाट्या म्हणजे तुमचे कडक दोन मग नव्हेत.

इथे शेवंतीची फुलं घालून पण पु-अर देतात, ज्यांना नुसता वास आवडत नाही त्यांनी मागवून बघा.

एक राहिलं, फार गरम पिऊ नका. ६५ अंशांच्या वरचं कुठलंही पेय सतत पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने बहुधा धोक्याचं म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ ला यादीत टाकलंय. छोट्या वाट्या असतात ते बरंच आहे, लगेच निवतो.

झिरो_फिगर_नाशिक

मी ऑनलाइन एक स्लिमिंग पु-अर मागवलाय, दोन आठवड्यांत कमी होतं म्हणे. सकाळी पोट एकदम साफ होतं हे मात्र खरं, वजन पण दीड किलो उतरलं. रोज घेतेय. ह्यात काय वाईट?

औषधवाला_सांगली

पाकीट उलटं करून मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचा. सेना किंवा सोनामुखी लिहिलं असेल तर पोट साफ होतंय ते सोनामुखीने, चहाचं त्यात श्रेय शून्य. उतरलेलं दीड किलो म्हणजे पाणी. रोज रेचक घेत राहिलं की पोटॅशियम घसरतं, पायात गोळे येतात, आणि मग आतड्याला त्याशिवाय चालत नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अजिबातच नको.

हिशेबी_आहारतज्ज्ञ

कोलेस्टेरॉलचा मुद्दा अजून कोणी घेतला नाही म्हणून लिहिते. २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये चिनी संशोधकांचा एक पेपर आला होता, पु-अरमधल्या थीब्राउनिनवर. आतड्यातले पित्ताम्लं फोडणारे जिवाणू कमी होतात, मग यकृत नवी पित्ताम्लं बनवायला कोलेस्टेरॉल वापरतं, असा एकूण मार्ग त्यांनी दाखवला. मुख्य काम उंदरांवर, सोबत माणसांवरचा भाग होता पण माणसं अगदी मोजकी आणि काळ थोडा. संशोधन चांगलं आहे, मी स्वतः ते आवडीने वाचलंय, पण त्यावरून तुमच्या मिस्टरांनी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) चालू असेल तर ती सोडून चहा धरावा असं काही निघत नाही. काठावर असेल आणि गोळी नसेल तर दुधसाखरेच्या दोन चहांऐवजी हा एक घेतला तर साखर आणि साय गेली, हा फायदा तर कागदावर मांडता येतो.

कॅफीनचा हिशेब: युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक आणि गरोदर बायकांना २०० पर्यंत असं म्हटलंय. ५ ग्रॅम पत्ती पार निर्जीव होईपर्यंत पाणी घालून प्यायली तर ढोबळमानाने दीडशेच्या आसपास जातं. त्यात तुमचे नेहमीचे दोन दुधाचे चहा मिळवा. म्हणजे ५ ग्रॅमची एक बैठक ही मर्यादा धरा, दोन नको. आणि दुपारी तीन-साडेतीन नंतर नको, कॅफीन अर्धं उतरायलाच पाच-एक तास लागतात, गरोदरपणात आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांवर त्याहून जास्त. लहान मुलांना चवीपुरतासुद्धा लावू नका, ती सवय आपल्याकडे आधीच आहे.

हो, आणि उपास! आपल्या बायका चतुर्थी-एकादशीला अन्न नाही पण चहा चार वेळा. त्या दिवशी हा काळा चहा बंद. पित्त तिथेच उसळतं.

वणीचा_पाहुणा

मी वाचलं होतं की चिनी विटांच्या चहाने दात आणि हाडं खराब होतात, तिबेटकडे तसे पेशंट आहेत म्हणून. आमच्या यवतमाळ-चंद्रपूर पट्ट्यात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने पिवळे पडलेले दात लहानपणापासून पाहिलेत, म्हणून विचारतो, हा तोच का?

कुनमिंगकर

चांगला प्रश्न. तो वेगळा माल. तिबेट, मंगोलियाकडे जाणारा स्वस्त विटेचा चहा जून, जाड पानं आणि काड्यांचा असतो, चहाचं झाड मातीतलं फ्लोराइड ओढून जुन्या पानात साठवतं, आणि ते लोक तो तासन्‌तास उकळून, मीठ-लोणी घालून दिवसभर पितात. म्हणून चीन सरकारने २००५ पासून विटेच्या चहाला किलोमागे ३०० मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा घातलीय. कोवळ्या पानांच्या पु-अरमध्ये ते प्रमाण बरंच कमी असतं. पण तुमच्या गावात पाण्यातच फ्लोराइड असेल तर कुठलाच चहा लोट्याने पिऊ नका, आणि स्वस्तातला काड्याकाड्यांचा विटेचा चहा तर घेऊच नका.

चहाटळ

माहितीपूर्ण धागा, मान गये. आता एकच, ती ३५७ ग्रॅमची चकती केवढ्याला पडते? आमच्या साहेबाला द्यावी म्हणतो, अप्रेझल जवळ आलंय.

कुनमिंगकर

शंभर युआनला मिळते आणि लाखालाही. मोठ्या नावाच्या गावाचा शिक्का असेल, म्हणजे लाओ बानझांग वगैरे, तर नव्वद टक्के बनावट समजून चाला, त्या डोंगरावर तेवढी झाडंच नाहीत जेवढा माल बाजारात आहे. २००७ मध्ये ह्याच ग्वांगझूच्या फांगत्सुन बाजारात भाव आभाळाला भिडले आणि त्याच वर्षी कोसळले, लोकांनी घरं गहाण ठेवून माल भरला होता. रोजच्या पिण्याला बऱ्या कारखान्याचा तीन-चार वर्षांचा साधा शू घ्या, ढिगाचा वास तोवर उडालेला असतो. साहेबाला काजूकतलीच द्या.

मोगरा_०७

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल आजींना वेष्टन दाखवलं, चकती शंगच निघाली, २०२१ च्या वसंतातली! आजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, पोटावर हात ठेवून नाही नाही केलं आणि संत्र्यांचा डबा उघडून दिला, त्यात शू आहे म्हणाल्या. तर ठरवलंय असं की सकाळी सहाला थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी अकराला, दीडला जेवण आणि तीनला हा चहा, संपला विषय. दुधाचा चहा दोनावरून एकावर आणते, तोही नाश्ता झाल्यावर.

दोन शंका. संत्र्याचा कसा करायचा, फोडून की अख्खा? आणि सासूबाई मे महिन्यात येऊन जूनला ठाण्याला परत जाणार आहेत, त्यांच्यासोबत ती शंग चकती दिराकडे पाठवू का, त्याला पित्तबित्त काही नाही, कडू कॉफी पिणारा माणूस आहे.

कुनमिंगकर

संत्रं: ती शिन्ह्वेची संत्री, तुमच्याच प्रांतातली. वरचं झाकण उचलायचं, खाली टूथपिकने चार-पाच भोकं पाडायची, अख्खंच भांड्यात ठेवून उकळतं पाणी ओतायचं. पहिलं पाणी दहा सेकंदांत ओतून द्या, पुढचे घोट पंधरा-वीस सेकंदांचे. दोघांत मिळून एक, म्हणजे प्रमाण आपोआप बेतात राहील. फोडून केलंत तर पत्ती एकदम सुटते आणि कडक होतो, तुम्हाला तसा नकोय. थर्मासमध्ये तासन्‌तास कोंडून ठेवू नका.

चकती: दिराला द्यायला हरकत नाही, पण त्यांनाही सांगा जेवल्यावरच, आणि चार ग्रॅमच्या वर नको. जूनला ठाण्यात उतरणार म्हणजे ऐन दमटात. कागदी वेष्टन तसंच ठेवून जाड झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायची, पिशवी पत्र्याच्या डब्यात, आणि डबा स्वयंपाकघरात नाही, कपड्यांच्या कपाटात. डांबरगोळ्या असलेल्या कपाटात मात्र नको, मसाल्याच्या शेजारी नको, फ्रिजमध्ये नको, चहा सगळे वास ओढतो. प्यायचा तेवढा तुकडा कडेने सुरीचं टोक घालून अलगद सुटा करायचा, मध्यभागी नेट लावलात तर सुरी हातात घुसते. पावसाळाभर उघडायला लागू नये म्हणून तीन महिन्यांचा वेगळा काढून बरणीत ठेवायचा, आणि गणपती झाले की एकदा चकती बाहेर काढून दोन्ही बाजूंनी उजेडात नीट बघायची.

मोगरा_०७

दिराला हे सगळं जशास तसं फॉरवर्ड केलंय, त्याचं उत्तर आलं "एवढं असेल तर कॉफीच बरी" 😀 तरी पाठवतेय.

झिरो_फिगर_नाशिक

पाकीट वाचलं. सेना लीफ दुसऱ्याच नंबरवर आहे. बंद केलं आजपासून. तो साधा शू नाशकात कुठे मिळेल कोणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.